विषाणू सतत बदलतो, तर मग लशीचा उपयोग काय?

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांनी मार्च २०२१ मध्ये कोविशिल्डची पहिली मात्रा घेतली, मे महिन्यात दुसरी घेतली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात वर्धक मात्राही घेतली. तरीही त्यांना दोनदा करोना झाला, एकदा जानेवारी २०२२ मध्ये आणि पुन्हा गेल्या पावसाळ्यात. दोन्ही वेळा ते घरीच बरे झाले, पण आता ते कोणतीच लस घ्यायला तयार नाहीत, अगदी फ्लूचीही नाही. ‘तीन सुया टोचून घेतल्या, तरी दोनदा झालाच ना?’ असे ते विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसते. माझे धाकटे दीर म्हणतात की लशींमुळेच विषाणू हुशार झाला आणि रूपे बदलू लागला. नव्या प्रकाराचे नाव बातम्यांत आले की घरात पुन्हा तोच वाद सुरू होतो. अण्णा दर आठवड्याला ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीला जातात आणि ती एका लहान, बंद खोलीत भरते. विषाणू नेमका कसा बदलतो, आधी मिळालेले संरक्षण त्याला कसे चुकवता येते, आणि अण्णांसाठी आम्ही आता काय करावे?

– एक सून, कोथरूड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

अण्णांचा प्रश्न रास्त आहे, आणि ‘लस घेतली म्हणूनच तुम्ही वाचलात’ अशा एका वाक्यात तो उडवून लावणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा बहुतेकांच्या मनात लस म्हणजे देवीची किंवा गोवराची लस होती. एकदा टोचून घेतली की तो आजार पुन्हा आपल्या वाटेला जायचा नाही, अशी समजूत होती. करोनाच्या लशीकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे त्या काळात जितक्या स्पष्टपणे सांगायला हवे होते तितके सांगितले गेले नाही, असे माझे ठाम मत आहे. आज अनेक घरांत दिसणारा अविश्वास पुष्कळसा त्यातूनच आलेला आहे, आणि तो दूर करायचा तर विषाणूच्या वागण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

करोनाच्या विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो, तिथल्या यंत्रणेकडून स्वतःच्या आरएनएच्या, म्हणजे आपल्या जनुकीय मजकुराच्या, नकला करवून घेतो आणि त्या नकला घेऊन नवे विषाणू बाहेर पडतात. हा आरएनए सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे आणि त्याची नक्कल होताना अधूनमधून एखादे अक्षर चुकते. ही चूक म्हणजेच उत्परिवर्तन. इन्फ्लूएन्झाच्या विषाणूकडे अशा चुका सुधारण्याची सोय नाही. करोनाच्या कुळातील विषाणूंकडे मात्र तयार होत असलेली नक्कल तपासून चुकीचे अक्षर काढून टाकणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. त्यामुळे २०२० च्या सुरुवातीला बऱ्याच जाणकारांना वाटत होते की हा विषाणू फार वेगाने बदलणार नाही. प्रत्यक्षात त्याचा बाहेरचा भाग इन्फ्लूएन्झाच्या एच३एन२ या झपाट्याने बदलणाऱ्या प्रकारापेक्षाही अधिक वेगाने बदलत गेला.

असे होण्यामागे मुख्यतः संख्येचे बळ आहे. संसर्ग ऐन भरात असताना एका माणसाच्या शरीरात १०० कोटींपासून १०,००० कोटींपर्यंत विषाणूकण असतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आरएनएच्या प्रत्येक जागी मूळ अक्षराऐवजी दुसरी तीनच अक्षरे येऊ शकतात, म्हणजे एका अक्षराचे शक्य असलेले सगळे बदल मिळून जेमतेम ९०,००० होतात. एवढ्या अफाट नकलांमध्ये त्यांतील जवळजवळ प्रत्येक बदल एकाच रुग्णाच्या शरीरात कधी ना कधी घडून जातो. तरीही रुग्णागणिक नवा प्रकार जन्माला येत नाही, कारण बहुतेक बदल विषाणूलाच पांगळे करतात किंवा त्यांचा काहीच परिणाम होत नाही. शिवाय एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना नवा संसर्ग सुरू करणारे कण फार थोडे, पुष्कळदा एखाददुसराच असतात आणि आधीच्या शरीरात तयार झालेला उपयुक्त बदल नेमका त्याच कणात असण्याची शक्यता कमी असते. म्हणूनच साथीच्या पहिल्या वर्षात संसर्गाच्या एका साखळीत महिन्याला साधारण दोनच बदल टिकत असल्याचे दिसले. पण जगभर अशा कोट्यवधी साखळ्या एकाच वेळी चालू असल्या, तर दुर्मीळ म्हणावी अशी घटनाही रोज कुठे ना कुठे घडते.

त्यात आणखी काही गोष्टींची भर पडली. नक्कल तपासणारे विकर चुकीचे अक्षर काढू शकते, पण गळून गेलेली अक्षरे भरून काढू शकत नाही, आणि विषाणूच्या बाह्य प्रथिनातील काही जागा अशा आहेत जिथे अक्षरे गळाली तरी त्याचे फारसे बिघडत नाही. काही रुग्णांची प्रतिकारशक्ती अवयवरोपणानंतरच्या औषधांनी, कर्करोगाच्या उपचारांनी किंवा नियंत्रणात नसलेल्या एचआयव्हीने इतकी क्षीण झालेली असते की विषाणू त्यांच्या शरीरात काही महिने ठाण मांडून राहतो. तिथे त्याला पूर्ण नष्ट करण्याइतकी नसली तरी त्याच्यावर दाब ठेवण्याइतकी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, असतात, आणि त्या दाबाखाली एकामागून एक बदल साचत जातात. याशिवाय एकाच माणसाला एकाच वेळी दोन प्रकारांची लागण झाली, तर एकाचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा अर्धा भाग जोडून तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. २०२२ मध्ये भारतात आणि सिंगापूरमध्ये पसरलेला एक्सबीबी हा असाच, ओमिक्रॉनच्या दोन उपप्रकारांच्या संकरातून आला होता.

आता हे बदल विषाणूच्या कोणत्या भागात होतात ते पाहू, कारण अण्णांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे. विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यांसारखी दिसणारी स्पाइक प्रथिने असतात. प्रत्येक प्रथिन अमिनो आम्ल नावाच्या १,२७३ घटकांच्या साखळीचे असते आणि त्यातील सुमारे सव्वादोनशे अमिनो आम्लांचा एक भाग आपल्या पेशीवरील एसीई-२ या ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतो. तिथूनच विषाणूला आत शिरता येते. लशीमुळे किंवा आधीच्या आजारामुळे तयार झालेली सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे नेमक्या याच भागावर जाऊन बसतात आणि विषाणूचा प्रवेशच रोखतात. त्यांची पकड आकारावर अवलंबून असते. ज्या गणेशमूर्तीसाठी साचा केला तीच मूर्ती त्यात नीट बसते. सोंडेचा बाक थोडा बदलला, तर बाकी सगळी मूर्ती तीच असूनही साचा मिटत नाही. स्पाइक प्रथिनातील एखाददुसरे अमिनो आम्ल बदलले तरी काही प्रतिपिंडांची पकड अशीच सुटते. ती नष्ट झालेली नसतात, रक्तात फिरतच असतात, पण त्यांना धरायला जागा उरत नाही.

सुरुवातीच्या प्रकारांमध्ये हे हळूहळू घडले. २०२० च्या पूर्वार्धातच स्पाइक प्रथिनातील ६१४ व्या जागेचा एक बदल जगभर पसरला आणि त्याने विषाणूचा प्रसार वाढला. त्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधील नमुन्यांत सापडलेल्या अल्फा प्रकारात ५०१ व्या जागेच्या बदलामुळे एसीई-२ वरची पकड घट्ट झाली. दक्षिण आफ्रिकेतील बीटा प्रकारात ५०१ च्या बदलाबरोबरच ४८४ व्या जागी ऋणभारित ग्लुटामिक आम्ल जाऊन धनभारित लायसिन आले, आणि त्या एका बदलाने आधीच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांचा बराच मोठा हिस्सा निष्प्रभ ठरला. अल्फाने अधिक पसरण्याची क्षमता मिळवली होती, बीटाने मुख्यतः संरक्षण चुकवण्याची. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची नेहमी गल्लत होते.

आपल्या महाराष्ट्राने हा फरक फार जवळून पाहिला. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात, विशेषतः अमरावतीत, रुग्ण वाढू लागले तेव्हा राज्यातील नमुन्यांत ४५२ आणि ४८४ या दोन्ही जागांचे बदल एकत्र आढळले आणि ‘डबल म्युटंट’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. पण त्याच कुळातील ज्या भाऊबंदाने पुढे हाहाकार माजवला, त्या डेल्टामध्ये ४८४ चा बदल नव्हता. त्याचे बळ मुख्यतः ६८१ व्या जागेच्या बदलात होते, ज्यामुळे स्पाइक प्रथिन पेशीत शिरण्यासाठी अधिक सहज तयार होई. एप्रिल-मे २०२१ मध्ये खाटा आणि प्राणवायूसाठी पुण्यातील कुटुंबांनी जी वणवण केली, ती प्रामुख्याने वेगाने पसरणाऱ्या विषाणूमुळे. आणि त्या वेळी बहुसंख्य लोकांना लशीची एकही मात्रा मिळालेली नव्हती.

इथेच आपल्या दिरांच्या म्हणण्याचे उत्तर देतो. अल्फा, बीटा आणि ब्राझीलमधील गॅमा हे तिन्ही प्रकार २०२० मध्ये, त्या त्या देशांत लसीकरण सुरू होण्यापूर्वीच अस्तित्वात आले होते. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, तर डेल्टाच्या कुळातील विषाणू त्याआधीच, २०२० च्या अखेरीस गोळा केलेल्या नमुन्यांत सापडलेले आहेत. ओमिक्रॉन प्रथम आफ्रिका खंडाच्या ज्या दक्षिण भागात आढळला, तिथे त्या वेळी लसीकरणाचे प्रमाण कमी होते. तेव्हा लशींनी हे प्रकार जन्माला घातले, हे म्हणणे कालक्रमालाच धरून नाही.

त्यांच्या म्हणण्यात एक खरा अंश मात्र आहे आणि तो नाकारू नये. समाजातील बहुतेकांच्या शरीरात एखाद्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे असली, की ती चुकवू शकणाऱ्या प्रकाराला इतरांपेक्षा पसरायला अधिक वाव मिळतो. ही निवड लशीने आलेल्या प्रतिपिंडांमुळे होते तशीच आजारातून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही होते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आजारातून संरक्षण मिळवायचे तर प्रत्येक माणसात विषाणूला अब्जावधी नकला करण्याची संधी द्यावी लागते आणि त्या माणसाचा जीवही पणाला लागतो. लशीमधून ते संरक्षण विषाणूची एकही नवी पिढी न वाढवता मिळते. आपल्या दिरांना हे नीट, शांतपणे सांगितले तर त्यांनाही पटेल, असे मला वाटते, कारण त्यांचा तर्क पूर्ण चुकीचा नाही, फक्त त्याचा आरोप चुकीच्या ठिकाणी आहे.

अण्णांच्या पहिल्या आजारपणाकडे येऊ. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी एका नव्या प्रकाराची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला कळवली आणि दोनच दिवसांत त्याला ओमिक्रॉन हे नाव मिळाले. त्याच्या स्पाइक प्रथिनात मूळ विषाणूच्या तुलनेत ३० हून अधिक बदल होते आणि त्यांतील १५ च्या आसपास नेमक्या त्या चिकटणाऱ्या भागात होते. इतके बदल एकदम कसे साचले, याचे सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण म्हणजे वर सांगितलेला, क्षीण प्रतिकारशक्तीच्या रुग्णातील दीर्घकाळ चाललेला संसर्ग. कोविशिल्ड ज्या ॲस्ट्राझेनेका लशीवर आधारलेली आहे, तिच्या दोन मात्रा घेतलेल्यांचा ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, तेव्हा दुसऱ्या मात्रेला पाच-सहा महिने होऊन गेलेल्यांमध्ये ओमिक्रॉनच्या लक्षणे देणाऱ्या संसर्गापासूनचे संरक्षण जवळजवळ उरलेले नव्हते. अण्णांची दुसरी मात्रा मे २०२१ मधील, आजार जानेवारी २०२२ मधील. मधे आठ महिने गेलेले आणि समोर ३० बदल केलेला विषाणू. त्यांना संसर्ग झाला नसता तरच आश्चर्य वाटले असते.

मग ते घरीच बरे कसे झाले? ओमिक्रॉन फुफ्फुसांच्या पेशींत डेल्टाइतक्या सहज वाढत नाही, हा त्याचा एक भाग झाला. दुसरा, आणि वयस्क मधुमेही माणसाच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा भाग म्हणजे त्यांच्या शरीरातील संरक्षणाचे इतर थर. प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात, पण ती बनवणाऱ्या बी पेशींची स्मृती शिल्लक राहते. शिवाय या स्मृतिपेशी लस घेतल्यानंतर कित्येक महिने लसीकाग्रंथींमध्ये, म्हणजे काखेतील वा मानेतील गाठींमध्ये, आपली पकड सुधारत राहतात. म्हणूनच मूळ विषाणूवर आधारलेल्या लशीच्या तिसऱ्या मात्रेनंतर तयार होणारी प्रतिपिंडे, जो प्रकार लशीत नव्हताच त्या ओमिक्रॉनलाही बऱ्यापैकी ओळखू लागली.

त्याहून खोल थर टी पेशींचा आहे आणि सर्वसामान्य चर्चेत तो जवळजवळ येतच नाही, याचे मला वाईट वाटते. प्रतिपिंडे प्रथिनाचा बाहेरून दिसणारा आकार ओळखतात, तर टी पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जाणारे प्रथिनांचे लहान लहान तुकडे ओळखतात. हे तुकडे स्पाइक प्रथिनाच्या आतील, बाहेरील, सगळ्याच भागांतून येतात, आणि आजार होऊन गेला असेल तर विषाणूच्या इतर प्रथिनांमधूनही येतात. शिवाय कोणते तुकडे मांडले जातील, हे माणसागणिक वेगळे असते. विषाणूला प्रतिपिंड चुकवायला एका जागेचा बदल पुरू शकतो. सगळ्या समाजाच्या टी पेशी चुकवायच्या तर त्याला स्वतःचे इतके तुकडे बदलावे लागतील की तो विषाणू म्हणून चालणारच नाही. ओमिक्रॉनच्या बाबतीत लस घेतलेल्यांच्या टी पेशींची ओळख साधारण ७० ते ८० टक्के टिकून राहिल्याचे अभ्यासांत दिसले. टी पेशी संसर्ग होण्यापासून रोखत नाहीत, पण ग्रासलेल्या पेशी लवकर नष्ट करून आजार फुफ्फुसांत खोल जाऊ देत नाहीत.

संसर्ग आणि गंभीर आजार यांतला हा फरक वेळेशीही जोडलेला आहे. स्मृतिपेशींना जागे होऊन पूर्ण जोमाने कामाला लागायला काही दिवस लागतात. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दहाएक दिवस जातात, तेवढ्यात स्मृतिपेशी त्याला आवरतात. शिवाय गोवराच्या बाह्य प्रथिनांना बदल सोसत नाहीत, त्यामुळे दशकांपूर्वीची लस आजही लागू पडते. ओमिक्रॉन मात्र तीनच दिवसांत लक्षणे दाखवतो. नाकाघशात त्याने आपला कार्यभाग साधलेला असतो, ताप-खोकला येऊन गेलेला असतो, आणि मग आतले संरक्षण त्याला पुढे जाण्यापासून अडवते. अण्णांना दोन्ही वेळा जे झाले ते बहुधा हेच. ‘लस घेऊनही झाला’ हे त्यांचे निरीक्षण खरे आहे. त्यांच्या लशीने केलेले काम मात्र त्यांना दिसू शकणाऱ्या ठिकाणी झालेले नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी गणिती प्रारूपावरून काढलेल्या अंदाजानुसार, लसीकरणाच्या पहिल्या वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ९८ लाख मृत्यू टळले. हा आकडा अंदाजाचा आहे, पण त्याची व्याप्ती पाहिली तर लशीला निरुपयोगी म्हणणे मला शक्य होत नाही.

त्यानंतर विषाणू थांबलेला नाही, आणि गेल्या काही वर्षांतील त्याची वाटचाल मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. प्रतिपिंडे चुकवणारा प्रत्येक बदल विषाणूला फुकट मिळत नाही, कारण तीच जागा त्याला एसीई-२ ला चिकटण्यासाठीही लागते. एक्सबीबीने ४८६ व्या जागी केलेल्या बदलाने प्रतिपिंडे चुकली, पण त्याची पेशीवरची पकडही सैल झाली, पुढे एक्सबीबी.१.५ ने त्याच जागी वेगळे अमिनो आम्ल आणून संरक्षण चुकवणे कायम ठेवले आणि पकडही परत मिळवली. ऑगस्ट २०२३ मध्ये नजरेस आलेल्या बीए.२.८६ मध्ये पुन्हा एकदम ३० हून अधिक बदल होते आणि त्याची पकड फार चांगली होती. त्याच्या वंशातील जेएन.१ ने ४५५ व्या जागी एक बदल केला, थोडी पकड गमावली आणि त्याच्या मोबदल्यात प्रतिपिंडांपासून इतकी सुटका मिळवली की काही महिन्यांत जगभर त्याचेच राज्य झाले. २०२४ मधील केपी.३.१.१ ने तर एक अमिनो आम्ल गाळून टाकले आणि त्यामुळे शेजारच्या जागी शर्करेचा एक नवा थर बसला, ज्याच्या आड प्रतिपिंडांना पोचणे अवघड होते. विषाणू हे ठरवून करत नाही. असंख्य चुकांमधून जी टिकते ती पुढे जाते. पण त्याच्या वाटा मर्यादित आहेत, आणि म्हणूनच जगाच्या वेगवेगळ्या टोकांना त्याच त्याच जागांचे बदल स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा दिसतात. हे बदल वेळेवर टिपण्याचे काम आपल्याच शहरात एनआयव्ही, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि आयसरसारख्या संस्थांनी केले आहे, याचा पुणेकरांना अभिमान वाटायला हवा.

यापुढे बातम्यांत नवे नाव आले की घरात दोनच प्रश्न विचारा: या प्रकारामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण वाढले आहे का, आणि आपल्या भागात रुग्ण वाढत आहेत का? केवळ नवे नाव म्हणजे नवा धोका नव्हे. जेएन.१ आणि त्याच्या वंशजांनी आधीच्या ओमिक्रॉन उपप्रकारांपेक्षा अधिक गंभीर आजार दिल्याचे आढळलेले नाही.

अण्णांच्या लशीचा निर्णय त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांसमोर बसून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०२३ मध्ये सुधारित शिफारशी केल्या तेव्हा वयोवृद्ध व्यक्ती आणि मधुमेहासारखे आजार असलेल्यांना पुढील मात्रांसाठी अग्रक्रम दिला होता. निरोगी तरुणांना तितका आग्रह नव्हता. लशींची घटकरचनाही बदलत गेली आहे: २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५ वर आणि २०२४ मध्ये जेएन.१ च्या वंशावर आधारित लशींची शिफारस झाली, आणि पुण्यातल्याच जेनोव्हा कंपनीच्या ओमिक्रॉनवरील एमआरएनए लशीला जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली होती. सध्या कोणती लस उपलब्ध आहे, शेवटच्या संसर्गानंतर किती अंतर ठेवायचे आणि त्यांच्या प्रकृतीला ती मात्रा खरोखर हवी आहे का, हे डॉक्टर त्यांची साखर, मूत्रपिंड आणि हृदय पाहून सांगतील. गेल्या पावसाळ्यातील आजारानेही त्यांच्या शरीरात काही काळाचे संरक्षण तयार केलेले आहे, त्यामुळे घाई करण्याची गरज नाही.

फ्लूच्या लशीबाबत मात्र मी आग्रह धरीन. तिच्यात कोणते प्रकार घालायचे, याचा आढावा जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा घेते, कारण तो विषाणूही असाच बदलतो. म्हणूनच ती दरवर्षी घ्यावी लागते. वयस्क मधुमेही माणसाला इन्फ्लूएन्झाचा न्यूमोनिया फार महागात पडू शकतो. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात गेला होता, हे अण्णांना नक्की आठवत असेल. ‘करोनाची नको म्हणता ना, ठीक आहे, फ्लूचे तेवढे डॉक्टरांना विचारू’ अशी सुरुवात केली तर ते कदाचित ऐकतील. हे बोलणे जेवताना, सगळ्यांसमोर, दिरांच्या साक्षीने होऊ देऊ नका. त्यांच्या मुलाने, म्हणजे आपल्या यजमानांनी, त्यांच्याशी एकट्याने बोलावे. आणि बोलताना ‘तुमचे बरोबर आहे, दोनदा झालाच’ हे आधी मान्य करावे.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीचा प्रश्न आपण विचारलात याचा मला आनंद झाला, कारण विषाणूने कितीही रूपे बदलली तरी तो हवेतूनच पसरतो, आणि खेळती हवा प्रत्येक प्रकाराविरुद्ध सारखीच उपयोगी पडते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात, शक्य असल्यास खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा, आणि पाऊस नसेल त्या दिवशी बैठक व्हरांड्यात किंवा बागेत घ्यावी. ज्यांना सर्दी-खोकला असेल त्यांनी त्या आठवड्यात घरी राहावे, हा नियम संघानेच केला तर कोणालाही वाईट वाटणार नाही. शहरात रुग्ण वाढल्याची बातमी असेल तेव्हा अण्णांनी बंद जागेत एन-९५ मुखपट्टी वापरावी.

पुन्हा ताप आला, तर तो साधाच असेल असे गृहीत धरू नका. पहिल्या दोन दिवसांत तपासणी करा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. विषाणूविरोधी गोळ्या स्पाइक प्रथिनावर काम करत नाहीत, विषाणूच्या आतल्या विकरांवर करतात, म्हणून आजवरच्या बदलांनंतरही त्या उपयोगी राहिल्या आहेत. पण त्या लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि त्यांतील काहींचे कोलेस्टेरॉलच्या औषधांशी पटत नाही, त्यामुळे अण्णांच्या सर्व औषधांची यादी आजच एका कागदावर लिहून ठेवा. आजारपणात साखर वाढते, तेव्हा ती दिवसातून निदान दोनदा मोजा. ऑक्सिमीटरवरचा आकडा ९४ च्या खाली गेला, दम लागू लागला, छातीत दुखले किंवा ते गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात घेऊन जा.